संकेतस्थळाची मांडणी : एक भाषिक प्रश्न



मराठी भाषा आणि साहित्याच्या अभ्यासपुस्तिकेत संकेतस्थळाच्या मांडणीवर लेख कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. हा विषय संगणकशास्त्राचा, फार तर उपयोजित चित्रकलेचा. व्याकरण, शैली आणि कोशवाङ्मय यांचा अभ्यास करणाऱ्याने त्यात का पडावे? प्रस्तुत लेखात मला या समजुतीविरुद्ध बाजू मांडायची आहे. माझे मत असे की, मराठी संकेतस्थळाची मांडणी जिथे फसते तिथे ती बहुतेक वेळा रंगांमुळे किंवा यंत्रामुळे फसत नाही; भाषेचा विचार न झाल्यामुळे फसते. आणि भाषेचा विचार करण्याचेच शिक्षण आपण घेत आहात.

प्रथम या शब्दाकडे पाहू. ‘संकेतस्थळ’ हा शब्द आज ‘वेबसाइट’चा प्रतिशब्द म्हणून रूढ झाला आहे. जुन्या काव्यपरंपरेत मात्र संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी भेटीसाठी आधी ठरवलेली जागा. हा अर्थ आता मागे पडला असला, तरी मांडणीचा विचार करताना तो मला फार उपयोगी वाटतो. ठरलेल्या जागी येणारा माणूस तिथली सजावट पाहण्यासाठी येत नाही. कोणीतरी भेटेल, या भरवशाने तो येतो. संकेतस्थळावर येणारा वाचकही काही प्रश्न मनात घेऊन येतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर तिथे भेटले नाही तर बाकीचा सारा थाट व्यर्थ ठरतो.

कृष्णाकाठचे उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात कोयना धरण आहे. त्याची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजावी लागणारी. धरणातून सोडलेले पाणी कोयना नदीतून कऱ्हाडला येते, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतून सांगलीकडे जाते. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याची उंची मोजतात. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये हे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पावसाळ्यात साताऱ्यातला एक आकडा सांगलीतल्या हजारो घरांचा निर्णय ठरवतो : सामान माळ्यावर चढवायचे की नाही, जनावरे कधी सोडायची, वृद्धांना रात्रीच हलवायचे की सकाळची वाट पाहायची.

आता पुलापलीकडच्या सांगलीवाडीतला एक माणूस रात्री दोन वाजता मोबाइल उघडतो अशी कल्पना करा. त्याचे प्रश्न मोजके आहेत. पाणी आत्ता किती आहे? वाढते आहे की उतरते आहे? हा आकडा किती वाजताचा? आणि आम्ही काय करायचे? त्याच्यापुढे पुढील धर्तीची सूचना येते. ती मी नमुन्यादाखल रचली आहे; पण तिचा सूर आपल्याला परका वाटणार नाही.

‘धरणाच्या पाणलोट क्षेत्रामध्ये होत असलेल्या पर्जन्यवृष्टीमुळे जलाशयातील पाणीपातळीमध्ये होणारी वाढ विचारात घेता पाणीपातळी नियंत्रित ठेवण्याकरिता धरणाच्या वक्र दरवाजांमधून नदीपात्रामध्ये सोडण्यात येणाऱ्या विसर्गामध्ये आवश्यकतेनुसार वाढ करण्यात येणार असून नदीकाठच्या सर्व नागरिकांनी सतर्क राहावे.’

या वाक्यात व्याकरणदृष्ट्या चूक नाही. तरीही त्यात वाचकाच्या चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. आकडा नाही, वेळ नाही. ‘करण्यात येणार असून’ या प्रयोगाने कर्ता नाहीसा केला आहे, म्हणजे निर्णय कोणाचा हे कळत नाही. ‘सतर्क राहावे’ ही तर कृतीच नव्हे. ती मनाची अवस्था आहे. शिवाय मोबाइलच्या अरुंद पडद्यावर हे वाक्य दहा-बारा ओळींत मोडते, आणि आपल्यासाठी असलेला भाग वाचकाला अगदी शेवटी भेटतो.

मराठीत क्रियापद शेवटी येते म्हणून असे होते, असा बचाव काही जण करतात. तो मला पटत नाही. क्रियापद शेवटी येणे हा मराठीचा स्वभाव आहे, दोष नव्हे. वाक्य आखूड असेल तर शेवट लगेच येतो आणि क्रियापदही लगेच भेटते. वरील सूचना अशी लिहिता येईल (आकडे काल्पनिक आहेत) : ‘आयर्विन पूल : ३८ फूट. पाणी वाढत आहे. नोंद : दुपारी ३ वाजता. इशारा पातळी : ४० फूट. कोयना धरणातून दुपारी ४ वाजल्यापासून जास्त पाणी सोडले जाईल. नदीकाठच्या लोकांनी जनावरे आणि सामान आजच उंचावर हलवावे.’ यात रंग नाही, चित्र नाही, हलणारी अक्षरपट्टी नाही. तरीही ही मांडणीच आहे. कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर, कोणता आकडा कोणत्या आकड्याशेजारी ठेवायचा, हे ठरवणे म्हणजे मांडणी. ३८ हा आकडा एकटा असेल तर बिनकामाचा. शेजारी ४० आला की तो बोलू लागतो.

(जाता जाता : ‘विसर्ग’ म्हटले की आपल्याला अक्षरापुढचे दोन टिंब आठवतात. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला कोयनेचे पाणी आठवते. त्यामुळे हा शब्द अवघड म्हणून काढून टाकण्याची घाई मी करणार नाही. कोणता शब्द सोपा, हे शब्दकोशात पाहून ठरत नाही. त्या काठावर विचारून ठरते. ‘पर्जन्यवृष्टी’ मात्र काढाच. पावसाला पाऊस म्हटल्याने तो कमी पडत नाही.)

लोक पडद्यावरचा मजकूर कसा वाचतात, याचा अभ्यास झालेला आहे. जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये डोळ्यांच्या हालचाली टिपून दाखवले की वाचक पहिली ओळ बरीचशी आडवी वाचतो, पुढची एखादी ओळ थोडी कमी वाचतो आणि मग डाव्या कडेने नजर खाली सोडतो. त्या नजरेच्या वाटेचा आकार रोमन ‘एफ’ अक्षरासारखा दिसतो. मराठीही डावीकडूनच वाचली जाते, म्हणून डाव्या कडेवर आपण काय ठेवतो हे तपासण्यासारखे आहे. आपल्या बहुतेक सूचनांच्या डाव्या कडेवर ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’ किंवा ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असे शब्द असतात. पानावरची सर्वांत मोक्याची जागा आपण रिकाम्या शब्दांना देऊन टाकतो.

यानंतर अक्षरांविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण मराठी संकेतस्थळांचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते.

सूचना कागदावर छापायची, तिच्यावर सही-शिक्का घ्यायचा, तिचे छायाचित्र काढायचे आणि ते पानावर चढवायचे, ही पद्धत आपल्याकडे सर्रास आढळते. छायाचित्रात दिसते ते अक्षरांचे चित्र असते; संगणकाच्या लेखी तिथे अक्षरे नसतात. युनिकोडच्या प्रचलित संकेतनात देवनागरीचे एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. म्हणजे हजार चिन्हांची सूचना सुमारे तीन किलोबाइटची झाली. तिचेच छायाचित्र सहज शंभर-दोनशे किलोबाइटचे होते. पुराच्या दिवसांत वीज गेलेली, फोनची बॅटरी संपत आलेली आणि नेटवर्क मधूनच येणारे-जाणारे असते. तेव्हा हा फरक तांत्रिक राहत नाही. तीन किलोबाइट पोहोचतात, दोनशे अडकतात.

छायाचित्रातला मजकूर शोधात सापडत नाही, मोठा करून वाचताना फुटतो, आणि दृष्टिहीन वाचकाच्या फोनमधील पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, त्यापाशी गप्प होते. आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला. शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. म्हणजे नियम नाहीत असे नाही. नियम संगणक विभागाच्या कपाटात असतात आणि सूचना लिहिणारा कारकून दुसऱ्या खोलीत बसलेला असतो.

दुसरे नुकसान जुन्या टंकांचे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या टंकांत साठवला जाई, त्यांत वरून देवनागरी दिसे, पण आत रोमन अक्षरांचेच क्रमांक असत. तो टंक नसलेल्या संगणकावर तो मजकूर म्हणजे निव्वळ रोमन कचरा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची; पण देवनागरी सर्वसामान्य संगणकावर नीट दिसू लागायला बराच काळ जावा लागला. ‘विंडोज २०००’ बरोबर आलेला ‘मंगल’ हा टंक अनेकांना त्याच्या नावाने माहीत असतो. तो अक्षरकार र. कृ. जोशी यांनी घडवला, हे मराठीच्या विद्यार्थ्याने माहीत करून घ्यावे. संकेतस्थळांवर जुन्या टंकांतील मजकूर आजही पडून आहे. तो युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे तपासणारे डोळे लागतात, आणि ते मराठी वाचणाऱ्याचेच असावे लागतात.

जोडाक्षरांतही मराठीचे काही खास आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या जोड्या पाहा. रफार आणि हा चंद्रकोरीसारखा र यांत अर्थाचा भेद आहे, आणि तो हिंदीत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कळफलकावर तो अनेकदा सापडत नाही. मग ‘साताऱ्यात’ हे रूप ‘सातार्यात’ असे लिहिले जाते. कऱ्हाडचे तर दुहेरी दुखणे आहे : ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ ही दोन्ही रूपे प्रचारात आहेत, आणि त्यात ‘कर्हाड’ या चुकीच्या टंकलेखनाची भर. एकाच शासकीय कामाची तीन पाने तीन रूपांनी लिहिली गेली, तर एका रूपाने शोधणाऱ्याला उरलेली दोन भेटत नाहीत. मराठीचे ल आणि श यांचे वळणही हिंदीहून निराळे आहे. शासनाने २००९ च्या आणि पुढे २०२२ च्या निर्णयात वर्णमालेचे प्रमाणित रूप दिले आहे. पानाच्या संहितेत ‘ही भाषा मराठी आहे’ अशी नोंद केली, तर काही टंक ही मराठी वळणे आपोआप दाखवतात. तीच नोंद पडदावाचकालाही उपयोगी पडते. ती नसेल तर हिंदी आवाज मराठी मजकूर वाचू लागतो आणि ‘चमचा’, ‘चांगला’ यांतील दंत्य च तालव्य होऊन कानावर येतो. एका ओळीची ही नोंद आहे, पण किती जण ती करतात?

देवनागरीला ओळींमध्ये रोमनपेक्षा अधिक जागा लागते. ‘कर्मचाऱ्यांचे’ या शब्दात रेषेवर रफार, अनुस्वार आणि मात्रा आहेत. ‘कृष्णा’ या शब्दात रेषेखाली ऋकार आहे. रोमनसाठी ठरवलेले अंतर तसेच ठेवले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसतो. शोभेसाठी अक्षरे विरळ केली की शिरोरेषा तुटते. दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा हट्ट अरुंद पडद्यावर धरला, तर ‘महाविद्यालयांमधील’ आणि ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ अशा लांब शब्दांमुळे ओळींत खिंडारे पडतात. मराठीने मोबाइलवर डावी कड धरावी आणि उजवी मोकळी सोडावी, हे माझे ठाम मत आहे. अक्षरांचा रंग पार्श्वभूमीपासून किती वेगळा असावा याचेही आंतरराष्ट्रीय मानक आहे. साध्या आकाराच्या मजकुरासाठी ते प्रमाण किमान ४.५ : १ असे आहे. फिक्या राखाडी अक्षरांचा सोस उन्हात, शेताच्या बांधावर फोन पाहणाऱ्याला परवडत नाही.

या गोष्टी मांडणीकाराच्या वेळीच लक्षात का येत नाहीत? एक कारण साधे आहे. पानाचा आराखडा करताना जागा भरण्यासाठी ‘लोरेम इप्सम’ हा लॅटिन भासणारा निरर्थक मजकूर वापरण्याची प्रथा आहे. त्यावर पान देखणे दिसते, मंजुरी मिळते, आणि मग त्यात मराठी ओतली जाते. शिवणाऱ्याने एकाचे माप घ्यावे आणि सदरा दुसऱ्याला द्यावा, तसे हे आहे. आराखड्यात पहिल्या दिवसापासून खरा मराठी मजकूर हवा.

भाषा पाहणारा आणि पान पाहणारा ही दोन वेगळी माणसे असलीच पाहिजेत असे नाही. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी हे याचे उत्तम उदाहरण आहे. तेव्हा औंध संस्थानात असलेल्या या गावातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याचे वार्तापत्र म्हणून सुरू झालेले हे नियतकालिक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे आली. संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. लेखाची भाषा तपासणारी आणि पानाचे रूप ठरवणारी नजर तिथे एकच होती. नांगर बनवणाऱ्या वसाहतीत निघालेले मासिक मराठी घराघरांत वाचले गेले, त्यात या एका नजरेचा वाटा मोठा आहे असे मी मानतो. आज मजकूर एका कार्यालयात तयार होतो, पान दुसऱ्या शहरात, कधी कधी मराठी न वाचणाऱ्या हातांनी तयार होते, आणि दोघांची भेट संकेतस्थळावरही होत नाही.

शोधाचा प्रश्न मात्र निखळ व्याकरणाचा आहे. आपण सामान्यरूप शिकला आहात : विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामात होणारा बदल. परीक्षेपुरते पाठ करून विसरून जावे असा हा घटक नाही. संकेतस्थळाच्या आतली साधी शोधपेटी अक्षरे जुळवून पाहते; तिला व्याकरण येत नाही. ‘पूर’ असे शोधले तर ‘पुराचे पाणी’ तिला सापडत नाही, कारण दीर्घ ऊकार ऱ्हस्व झाला. ‘पूल’ शोधणाऱ्याला ‘पुलावरील वाहतूक बंद’ ही सूचना भेटत नाही. ‘पाऊस’ आणि ‘पावसामुळे’, ‘रस्ता’ आणि ‘रस्त्यावर’ यांचीही तीच गत. पुरातल्या अत्यावश्यक शब्दांपैकी इतके शब्द सामान्यरूपात बदलतात, हा योगायोग गमतीचा नाही. उपाय अवघड नाही : मथळ्यात महत्त्वाचे नाम एकदा तरी सरळरूपात आणावे. ‘पुलावरील वाहतुकीबाबत’ असे शीर्षक देण्याऐवजी ‘आयर्विन पूल : वाहतूक बंद’ असे द्यावे. हे सुचण्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही. सामान्यरूप समजलेला माणूस लागतो.

शुद्धलेखनालाही इथे नवे महत्त्व येते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्यांवर वाद पुष्कळ झाले, आणि होत राहोत. पण ‘सूचना’ हा शब्द एका पानावर ‘सुचना’ असा लिहिला गेला, तर शोधणाऱ्याच्या दृष्टीने ते पान नाहीसेच झाले. कागदावर अशुद्ध लिहिलेला शब्द माणूस सुधारून वाचतो. साधी शोधपेटी ती कृपा करत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला एक सवय मात्र इथे सोडावी लागेल. निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ देऊ नये, असे आपल्याला शिकवले जाते. संकेतस्थळावर तोच शब्द पुन्हा यायला हवा. वरती ‘अर्ज’, मध्ये ‘आवेदनपत्र’ आणि बटणावर ‘फॉर्म’ असे लिहिले की वाचकाला वाटते, आपल्याला तीन वेगवेगळे कागद भरायचे आहेत. नावे देतानाही इंग्रजीचा साचा उचलू नये. ‘अबाउट अस’चे ‘आमच्याबद्दल’ करण्यापेक्षा ‘परिचय’ हा शब्द आपल्याकडे होताच. यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘होम’चे ‘घर’ झालेले मी पाहिले आहे. ‘मुख्यपृष्ठ’ म्हटले की प्रश्न मिटतो. दुसऱ्या टोकाला जाऊन ‘डाउनलोड’ला नवा संस्कृत शब्द घडवावा असेही मला वाटत नाही. तो शब्द आता मराठी झाला आहे.

दुव्यांचेही असेच. ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ हे वाक्य इतके सर्वत्र आहे की त्यातील उणीव दिसत नाही. दृष्टिहीन वाचक पानावरचे सगळे दुवे एकापाठोपाठ ऐकू शकतो; दहा दुवे असतील तर त्याला दहा वेळा ‘येथे क्लिक करा’ ऐकू येते. दुव्याने आपण कुठे नेणार ते स्वतः सांगितले पाहिजे : ‘परीक्षा अर्जाचे वेळापत्रक’, ‘हळदीचे आजचे दर, सांगली’.

दुवा ही कल्पना मराठी कोशकारांना परकी नव्हती. सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम झाले आणि पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. टिम बर्नर्स-ली यांनी जागतिक माहितीजालाचा प्रस्ताव मांडला तो १९८९ मध्ये. आपल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची. त्याच्या तेरा वर्षे आधी विश्वकोशाची नोंद ‘पहा’ म्हणून वाचकाला दुसऱ्या नोंदीकडे पाठवत होती. ते पाठवणे मोघम नव्हते. कुठे जायचे त्या नोंदीचे नाव तिथेच दिलेले असे. नोंदीखाली लेखकाचे नाव असे, म्हणजे जबाबदारी कोणाची तेही कळे. आजच्या किती संकेतस्थळांवर माहिती कोणी लिहिली आणि ती शेवटची केव्हा तपासली, हे दिसते? विश्वकोश आता माहितीजालावर कोणालाही वाचता येतो. त्यातील एखादी नोंद काढा आणि तिची रचना मांडणीच्या दृष्टीने तपासा : व्याख्या कुठे आहे, तपशील कुठून सुरू होतो, दुसऱ्या नोंदीकडे नेणारी वाट कुठे फुटते. वाईच्या त्या संपादकांना कोणी ‘वेब डिझाइनर’ म्हटले नाही, पण काम तेच होते.

‘आता वाचतो कोण, लोक व्हिडिओ पाहतात’ असा आक्षेप आपल्यालाही ऐकावा लागेल. करमणुकीपुरता तो खरा असेल. परंतु अर्जाची शेवटची तारीख, नुकसानभरपाईच्या यादीतले नाव, पाण्याची पातळी या गोष्टी माणूस शोधतो, पुन्हा पाहतो, दुसऱ्याला पाठवतो. त्यासाठी आठ मिनिटांच्या व्हिडिओतला नेमका क्षण शोधत बसणे कोणाला परवडणार?

आपल्यापैकी अनेक जण ग्रामपंचायत, पतसंस्था, शाळा, साखर कारखाना, दुकान अशा ठिकाणी नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकत आहात. म्हणजे ज्या सूचना उद्या पडद्यावर जाणार आहेत त्या आपल्याच टेबलावरून जातात. त्यांपैकी एक निवडा. शक्यतो लांबलचक आणि कंटाळवाणी निवडा. ती कोणाला उद्देशून आहे आणि त्या माणसाचा पहिला प्रश्न कोणता, हे एका कागदावर लिहा. मग ते उत्तर पहिल्या ओळीत येईल अशा रीतीने सूचना पुन्हा लिहून युनिकोडमध्ये टाइप करा आणि घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीच्या हातात फोन द्या. काही समजावून सांगू नका. त्यांचे बोट कुठे थांबते, कोणता शब्द त्या पुन्हा वाचतात, फोन डोळ्यांपासून किती लांब धरतात, ते पाहा आणि टिपून ठेवा. नंतर त्याच फोनवर सूचनेतले मुख्य नाम सरळरूपात टाइप करून ती सूचना सापडते का, हेही तपासा.